उजव्या कानाची बाजू

तक्रार करेपर्यंत मी 'सर' होतो. इअरफोनची उजवी बाजू मंद वाजते म्हणून फोन केला आणि दुकानातल्या त्याच पोराच्या तोंडी 'काका' झालो. "काका, वय झालं की एका कानाला थोडं कमी येतंच. त्यात आमचा पीस काय करणार?" मी त्याला वय सांगितलेलं नव्हतं. पत्त्यात परभणी जिल्हा वाचूनच त्यानं अंदाज बांधला असावा.

मानवतच्या बाजारात माझी कापसाची आडत आहे. गाडी आली की आत हात घालून मधला कापूस काढायचा, ओलावा बघायचा आणि मगच भावाचं बोलायचं, यात हयात गेली. कापूस खरेदी करणारी सरकारी सीसीआयसुद्धा ८ टक्के ओलाव्यापर्यंतच पूर्ण हमीभाव देते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. 'थोडे दिवस ठेवून बघा, कापूस आपोआप सुधारेल' असं कोणी शेतकरी मला आजवर म्हणालेला नाही. ६८,००० रुपयांच्या इअरफोनबद्दल मात्र मला नेमकं हेच ऐकवण्यात आलं.

एवढे महागडे कशाला, हे विचारू नका. घरात ते विचारून झालंय. हंगामात रात्री दहानंतर जो वेळ मिळतो तो माझा असतो आणि त्या वेळी स्पीकर लावला तर अख्खी गल्ली उठते.

परभणीत स्टेशन रोडला दुकानं भरपूर आहेत, पण तिथं मिळतात ते गळ्यात अडकवायचे ब्लूटूथ आणि डबीतले बड्स. तारेचे, महाग, कानात घालून ऐकून बघता येतील असे इअरफोन हवे असतील तर पुणं नाहीतर मुंबई गाठावी लागते. मी रीतसर देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो, दुकानात बसून ऐकलं, बिल मागितलं. घरबसल्या फोटो बघून मागवलेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी हकिकत ऐकली की प्रत्येक जण पहिल्यांदा तेच म्हणतो.

दुकानातली गंमत मला तिथंच कळली होती. विक्रेत्यानं आधी तीस हजारांचे लावले, मग अडुसष्ट हजारांचे, आणि मधे आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. ऐकायला हे सचोटीचं वाटतं, पण प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते. तेवढ्याच पातळीवर एक जोडी मोठ्यानं वाजते, दुसरी हळू. आणि एखाद्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळतच नाही, तो 'जास्त स्वच्छ, जास्त भरीव' म्हणून कळतो. मी त्याला थांबवलं, महागड्या जोडीचा आवाज गायकाचा गळा दोन्हीकडे सारखा वाटेपर्यंत खाली आणला आणि पुन्हा ऐकलं. फरक निम्म्यावर आला. उरलेला निम्मा मला आवडला, म्हणून घेतले. दुकानात तुलना करायला बसाल तेव्हा आवाज जुळवल्याशिवाय मत देऊ नका, आणि जुळवायचं बटण आपल्या हातात ठेवा.

त्यानं दुसरं गाणं लावलं ते ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या इवल्या स्पीकरच्या, संख्येचं. यात पाच, त्यात नऊ, म्हणून तो भारी. इअरफोनमध्ये जे बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे इवलेसे ड्रायव्हर असतात ते मुळात श्रवणयंत्रांसाठी तयार झाले. १९९१ साली एटिमोटिक कंपनीनं एका कानाला असा एकच ड्रायव्हर घालून ईआर-४ काढला आणि तो वर्षानुवर्षं लोकांनी मानला. सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकुलता एक ड्रायव्हर आहे आणि २०२१ मध्ये त्याची किंमत अमेरिकेत सुमारे १,३०० डॉलर होती. ही कंपनी हॅनोव्हरजवळची. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आम्हा लोकांना तिचं नाव घेताना उगाच घरचं वाटतं. तिचा घरगुती हेडफोनचा धंदा २०२२ मध्ये सोनोव्हा या श्रवणयंत्रं बनवणाऱ्या स्विस कंपनीकडे गेला. सांगायचं एवढंच की ड्रायव्हर मोजून किंमत ठरत नाही. उलट जास्त ड्रायव्हर म्हणजे त्यांचा मेळ घालण्याची जास्त कटकट.

दुकानात सगळं टेबलावरच्या मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडलेलं होतं. घरी तुम्ही मोबाईलला डॉन्गल लावून ऐकणार असाल तर तेच डॉन्गल खिशात घालून जा. बहु-ड्रायव्हर इअरफोनचा रोध फार कमी असतो, शूर एसई८४६ चा तर ९ ओहम. यंत्राच्या आउटपुटचा रोध त्याच्या आठव्या हिश्शाच्या वर गेला की खर्ज आणि टीप यांचं प्रमाण बदलायला लागतं. मग दुकानात ऐकलेलं आणि घरी ऐकलेलं, दोन वेगळ्या वस्तू वाटतात. रबरी टिप्सचंही तेच. कानात घट्ट बसली नाही तर खर्ज गायब होतो आणि माणूस इअरफोनला नावं ठेवतो. दोन कानांना दोन मापांच्या टिप्स लागू शकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सीलबंद जोडी तेव्हा दुकानात शिल्लक नव्हती. "सर, माल आला की कुरिअर करतो." पैसे आगाऊ घेतले. डबा मानवतला आला तो मी मुलाला मोबाईल धरायला लावून उघडला. हे मात्र प्रत्येकानं करावं: कुरिअरची चिठ्ठी, सील, डबा, आतला अनुक्रमांक, सगळं एका सलग व्हिडिओत, मधे न थांबता. डब्यावर आयातदाराचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. परदेशातून आलेल्या बंद मालावर हे छापलेलं असणं वजनमापाच्या नियमांनुसार सक्तीचं आहे. ते नसेल तर माल आडमार्गानं आला असं समजा. कंपनीचं भारतातलं सेवाकेंद्र मग हात वर करतं. मी त्याच दिवशी लेखी विचारलं. उत्तर आलं, "वॉरंटी आमची आहे सर, टेन्शन घेऊ नका." तोवर मी सर होतो.

उजवी बाजू मंद आहे हे पहिल्या रात्री शंकेपुरतं जाणवलं. आजकालच्या ध्वनिमुद्रणात तबला एका अंगाला आणि पेटी दुसऱ्या अंगाला असते, त्यामुळे चटकन पकडता येत नाही. म्हणून मी अब्दुल करीम खाँसाहेब लावले. खाँसाहेब १९३७ साली गेले आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. म्हणजे त्यांचं सगळं गाणं मोनो, दोन्ही कानांत अगदी एकसारखं. ते बरोबर कपाळाच्या मधोमध ऐकू यायला हवं. मला ते डाव्या भुवईवर ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत खाँसाहेब असे एका बाजूला सरकून कधी बसले नव्हते.

फोन केला. तेव्हाच ते 'काका' प्रकरण झालं. शिवाय, "नवीन पीसला बर्न-इन लागतं. दोनशे तास वाजवा, उजवी बाजू मोकळी होईल. पण दिवसाला आठ तासांच्या वर नको हं, ड्रायव्हरवर ताण येतो." आवाजात इतकी काळजी होती की कोणाचाही विश्वास बसावा.

वयाची गोष्ट मनाला लागली होती, म्हणून परभणीला जाऊन कानाच्या डॉक्टरांकडून कान साफ करून घेतले आणि ऑडिओमेट्री केली. वरच्या पट्टीतलं थोडं कमी, पण दोन्हीकडे सारखं. तो आलेख मी दुकानदाराला पाठवला. त्यावर अंगठा आला. नुसता अंगठा.

मग तपासणी केली, ती क्रमानं सांगतो, कारण ही कामाची आहे. आधी दोन्ही टिप्स बदलल्या आणि नळीच्या तोंडावरची जाळी भिंगाखाली पाहिली. मळानं किंवा घामानं ती बुजली तर आवाज खरंच बसतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात घामाचा तोटा नसतो. जाळी स्वच्छ होती. मग केबल काढून डावी तार उजव्याला आणि उजवी डाव्याला जोडली. दोष तारेत किंवा डॉन्गलमध्ये असता तर मंदपणा दुसऱ्या तुकड्याकडे गेला असता. गेला नाही. शेवटी तुकडेच बदलले: उजवा डाव्या कानात, डावा उजव्या कानात. ते तसे बसत नाहीत, बोटांनी दाबून धरावे लागतात. खाँसाहेब डावीकडून उठून उजवीकडे गेले. म्हणजे कान निर्दोष, तार निर्दोष, डॉन्गल निर्दोष. दोष त्या तुकड्यात.

मी खाटेवर उठून बसलो, कारण त्याच वेळी दुसरा हिशोब डोक्यात लागला. दोनशे तास, दिवसाला आठ तास. पंचवीस दिवस. आणि डब्यातल्या कार्डावर बदलून देण्याची मुदत किती? सात दिवस! त्या पोराला ड्रायव्हरची काळजी नव्हती, कॅलेंडरची होती. बर्न-इननं फरक पडतो की नाही यावर हौशी लोक भांडत बसतात, बसू देत. पण दोन सारख्या तुकड्यांतला एकच मंद असेल तर तो वाजवून वाजवून दुसऱ्याच्या बरोबरीला कसा येणार, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. हा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर गोड शब्दात हो म्हणा आणि त्याच मिनिटाला लेखी तक्रार पाठवा.

तपासणीचा व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "मुदत संपली, माल उघडलेला आहे." इथं मला कायद्यानं हात दिला. सात दिवस लिहिलेले होते ते कार्डावर, बिलावर नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलाच्या तळाशी 'मुंबई न्यायालयाच्या अधीन' असंही छापलेलं होतं. त्याला भिऊ नका. याच कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, तो क्रमांक पुढं कागदाला जोडता येतो. मी नोंद केली, मग नोटीस स्पीड पोस्टानं पाठवली. सगळं बोलणं लेखी ठेवा. फोनवरचा 'काका' कुठल्याच कागदावर येत नाही.

बाकी घाई करू नका, दोन-चार ठिकाणी विचारा, आवाज बेताचा ठेवा, हे सगळे सांगतातच. मीही सांगतो. भाच्याकडे चेंगडूच्या मूनड्रॉप कंपनीचे दोन-तीन हजारांचे इअरफोन आहेत, ते सध्या मी वापरतो. बारकावे कमी आहेत, पण खाँसाहेब मधोमध बसतात.

नोटिशीनंतर मी पुन्हा 'सर' झालो. दुकानानं माल परत मागवला, तपासला, दोष मान्य असं कुठंही लिहिलं नाही आणि ५७,८०० रुपये जमा केले. पंधरा टक्के कापले. कारण लिहिलं: 'हायजिन चार्जेस, वस्तू कानात घातलेली आहे.' कानात घालायची वस्तू कुठं घालून तपासायची होती, हे मी लेखी विचारलं. उत्तर नाही. असे अर्धवट पैसे आले तर गप्प बसू नका, 'तक्रार कायम ठेवून स्वीकारले' असं त्याच दिवशी कळवा, मी कळवलंय. राहिलेल्या १०,२०० रुपयांसाठी परभणीच्या आयोगात कागद दाखल केले आहेत.