'शॅल बी पेड' : पण देणारा कोण?

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने इंग्रजी व्याकरणावर लेखणी चालवावी, हे पाहून कित्येक बंधूंस हसू येईल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले, आणि तेही मराठी माध्यमातून. तथापि साखळीच्या बाजारपेठेत तांदूळ, गहू, तूर यांची पोती मोजण्यात उभे आयुष्य गेल्यावर एक गोष्ट आम्हांस पुरती कळून चुकली आहे. काट्यावरची चूक किलो-दोन किलोची असते. कागदावरच्या एका क्रियापदाची चूक सबंध लॉरीची असू शकते.

आमच्या वडिलांच्या काळी सरकारी कागद पोर्तुगीज भाषेत येत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हळूहळू ती जागा इंग्रजीने घेतली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषेचे स्थान मिळाले व शासकीय कामात मराठीच्या वापरासही मुभा राहिली. तरी मालाचे करार, विम्याचे कागद, बँकेची पत्रे आणि १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या सूचना आपल्या हाती बहुधा इंग्रजीतच पडतात. आणि या सर्व कागदांचा लाडका प्रयोग म्हणजे कर्मणी प्रयोग.

काही वर्षांपूर्वी आम्ही परप्रांतातील एका पुरवठादाराशी तांदळाचा सौदा केला. करारात एक वाक्य होते : 'द फ्रेट शॅल बी पेड बिफोर अनलोडिंग.' आम्ही त्याचा अर्थ लावला, 'माल उतरविण्यापूर्वी भाडे दिले जाईल', आणि माल पाठविणाराच ते देईल असे गृहीत धरून निश्चिंत राहिलो. पावसाळ्याचे दिवस. लॉरी चोर्ला घाट उतरून मध्यरात्री वखारीच्या दारी येऊन उभी राहिली. भाडे मिळाल्यावाचून एक पोते हलू देणार नाही, असा चालकाने हट्ट धरला. पुरवठादाराचा दूरध्वनी सकाळपर्यंत कोणी उचलला नाही. ताडपत्री फाटकी निघाली आणि वरच्या थराची पोती भिजली. शेवटी भाडे आम्हीच भरले व भिजलेला तांदूळ मिळेल त्या भावाने विकला. पुरवठादार एवढेच म्हणाला, "कागद वाचा." त्या सायंकाळी आमच्या शाळकरी नातीने तो कागद वाचला आणि म्हणाली, "आजोबा, भाडे कोणी द्यायचे ते यात लिहिलेच नाही!"

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो. जे शिकलो ते बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नियम पाहू. इंग्रजीत कॅन, कुड, शॅल, शुड, विल, वुड, मे, माइट, मस्ट ही साहाय्यक क्रियापदे आहेत. मूळ क्रियेला ती शक्यता, मुभा, कर्तव्य किंवा सक्ती यांचा रंग देतात. कर्ता एक असो वा अनेक, ती बदलत नाहीत. यांच्यासह कर्मणी प्रयोग करावयाचा तर तीनच पायऱ्या आहेत. कर्म उचलून वाक्याच्या आरंभी आणावे. साहाय्यक क्रियापद जसेच्या तसे ठेवावे. त्यापुढे 'बी' लिहून मूळ क्रियापदाचे तिसरे रूप जोडावे. 'वुई मस्ट वे द बॅग्ज', म्हणजे आम्ही पोती तोललीच पाहिजेत. याचे कर्मणी रूप 'द बॅग्ज मस्ट बी वेड'. हे 'वेड' म्हणजे तोलणे या क्रियेचे तिसरे रूप होय. मराठीतले वेड नव्हे, जरी न तोलता माल घेणे हे वेडच असले तरी!

तिसरी रूपे मात्र पाठच करावी लागतात. पे, पेड, पेड. सेल, सोल्ड, सोल्ड. सेंड, सेंट, सेंट. टेक, टुक, टेकन. राइट, रोट, रिटन. व्यापारात नित्य लागणारी अशी वीस-पंचवीस रूपे मुलांनी वहीच्या मागील पानावर लिहून ठेवली तरी पुष्कळ काम भागते.

नकार दाखविणारा 'नॉट' साहाय्यक क्रियापदाच्या लगेच मागून येतो : 'द गुड्ज कॅनॉट बी सोल्ड', म्हणजे माल विकता येणार नाही. प्रश्न विचारताना साहाय्यक क्रियापद आरंभी येते : 'कॅन द बॅग बी ओपन्ड?', म्हणजे पोते उघडता येईल काय? ज्या क्रियेला कर्मच नाही तिचा असा प्रयोग होत नाही. लॉरी येणे ही अकर्मक क्रिया आहे; म्हणून 'द लॉरी मस्ट अराइव्ह' एवढेच म्हणावे, तेथे 'बी' घुसडू नये. तसेच 'विल बी पेइंग' आणि 'विल बी पेड' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात तो मनुष्य पैसे देणार आहे, दुसऱ्यात त्याला पैसे मिळणार आहेत. ही गल्लत झाली की जमा ते नावे होते!

घडून गेलेल्या गोष्टीविषयी बोलताना 'बी' च्या जागी 'हॅव बीन' येते. 'द बॅग्ज शुड हॅव बीन वेड' म्हणजे पोती तोलली जावयास हवी होती, पण तोलली गेली नाहीत. येथे ठपका आहे. 'द बॅग्ज मस्ट हॅव बीन वेड' म्हणजे पोती तोलली गेलीच असणार; येथे सक्ती नसून केवळ अनुमान आहे. तक्रारीच्या पत्रात पहिल्याऐवजी दुसरे लिहिले, तर आपणच समोरच्यास निर्दोष ठरविल्यासारखे होते.

आता मराठी माणसाची अडचण कोठे होते ते पाहू. कर्मणी प्रयोग आपणांस परका नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून प्रयोगांची चर्चा आपल्याकडे चालत आली आहे. 'आम्ही पोती तोलली पाहिजेत' या वाक्यात क्रियापद 'आम्ही' कडे न पाहता 'पोती' कडे पाहून चालते. 'म्हाताऱ्याच्याने पोते उचलवत नाही' हा शक्य कर्मणी प्रयोग. इंग्रजीतील 'कॅनॉट बी लिफ्टेड' चा अर्थ आपण एका 'उचलवत' मध्ये साठवितो. परंतु या दोन्ही मराठी वाक्यांत करणारा समोर उभा आहे. इंग्रजी कर्मणी प्रयोगात तो बहुधा पडद्याआड जातो. त्याला पुढे आणणारा शब्द 'बाय'. तो नसेल, तर देणारा, तोलणारा, भरणारा कोण, हे कागद सांगत नाही आणि आपण आपल्या सोयीचा अर्थ घेतो. आमचे तेच झाले.

दुसरी अडचण साहाय्यक क्रियापदाच्या वजनाची. करारात 'शॅल बी' व 'मस्ट बी' ही बंधनाची भाषा समजावी. 'शुड बी' हा सल्ला किंवा अपेक्षा. 'मे बी' ही मुभा वा शक्यता. 'द पीरिअड मे बी एक्स्टेंडेड' याचा अर्थ मुदत वाढविली जाईल असा नव्हे. वाढविली जाऊ शकते, इतकाच. ती वाढेलच या भरवशावर राहणे म्हणजे आकाशातल्या ढगावर शेत पेरणे. 'द राइस मे बी रिजेक्टेड बाय द बायर' या वाक्याने मात्र तांदूळ नाकारण्याचा हक्क खरीदणाऱ्यास मिळतो; विकणाऱ्याने ते डोळे उघडे ठेवून वाचावे. तसेच 'मस्ट नॉट बी ओपन्ड' म्हणजे उघडता कामा नये, आणि 'नीड नॉट बी ओपन्ड' म्हणजे उघडण्याची गरज नाही. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात नाही.

म्हणून आमच्या पेढीवर आता एक शिरस्ता पडला आहे. इंग्रजी कागदात असे वाक्य दिसले की त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावयाची आणि तीन प्रश्न विचारावयाचे : हे कोणी करावयाचे? केव्हापर्यंत? आणि हे बंधन आहे की मुभा? पहिल्याचे उत्तर वाक्यात नसेल, तर सही करण्यापूर्वी 'बाय द सेलर' किंवा 'बाय द बायर' हे शब्द दोन्ही पक्षांच्या संमतीने घालून घ्यावयाचे. त्या लॉरीच्या करारात एवढे तीन शब्द असते, तर मध्यरात्रीचा तंटा झाला नसता आणि तांदूळही वाचला असता. पुरवठादाराने आम्हांस फसविले असे आम्ही म्हणत नाही. न कळलेल्या कागदावर सही आमचीच होती.

आपली मुले आज आपल्याहून चांगले इंग्रजी शिकत आहेत. त्यांना शाळेत हा पाठ गुणांसाठी शिकविला जातो. आपण त्यांना आपले करार, बीजके व नोटिसा वाचावयास देऊन तोच पाठ घरी पुन्हा शिकवावा, आणि लाज न बाळगता त्यांच्याकडून आपणही शिकावे. आमची नात हल्ली दर रविवारी पेढीवर येऊन कागद वाचते. 'बाय' न दिसला की भुवया उंचावून आमच्याकडे पाहते. तिची ती नजर आम्हांस चुकविता येत नाही. 'कॅनॉट बी अव्हॉइडेड बाय अस', असे आता आम्हीही न चुकता म्हणू शकतो.