चहाच्या रंगाच्या पाण्यातले मासे

प्रश्न : मलेशिया-इंडोनेशियाच्या दलदलीत, चहासारख्या काळपट आणि आंबट पाण्यात इवले रंगीत मासे राहतात, असे वाचले. ते मरत कसे नाहीत? आमच्या घरच्या टाकीत जगतील का? महाराष्ट्रात असे दुर्मिळ मासे आहेत का?
– एक विद्यार्थिनी, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुम्ही वाचलेत ते बहुधा लिकोरिस गौरामी. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. यातली पहिली जात डच संशोधक ब्लीकर यांनी १८५९ मध्ये नोंदवली. आज वीसेक जाती माहीत आहेत. मलय द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ हा त्यांचा मुलूख. तिथे पाऊस जवळजवळ बारमाही, त्यामुळे झाडांचा पालापाचोळा कायम पाण्याखाली राहतो. प्राणवायू मिळत नाही म्हणून तो पुरता कुजत नाही, थरावर थर साचत जातो. हेच पीट. पाल्यातून उतरणारी आम्ले पाणी रंगवतात आणि त्याचा सामू चारच्या आसपास, कधी त्याहूनही खाली नेतात. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे सात सामूच्या पाण्याहून हे पाणी हजारपट आम्लधर्मी!

अशा पाण्यात साधा मासा मरतो, कारण त्याच्या कल्ल्यांतून अंगातले सोडियम झिरपून जाते. काळ्या पाण्यात मुरलेल्या माशांचे कल्ले ते घट्ट धरून ठेवतात. ॲमेझॉनच्या निऑन टेट्रावर हा अभ्यास झालेला आहे. गौरामीचा नर पानाआड किंवा एखाद्या पोकळीत अंडी राखत बसतो, तेही याच पाण्यात.

आता तुमची टाकी. मराठवाड्याचा खडक बेसॉल्ट, जमिनीत चुनखडीचे खडे. बोअरचे पाणी जड. ते या माशांना मानवणार नाही. हौशी लोक पावसाचे पाणी आणि देशी बदामाची वाळलेली पाने वापरतात, पण माझे ऐकाल तर थांबा. पाम तेलाच्या लागवडीसाठी दलदली उपसल्या जात आहेत आणि यातल्या काही जाती एखाद्या लहानशा भागातच उरल्या आहेत. जंगलातून पकडलेला मासा तर मुळीच घेऊ नका.

महाराष्ट्रात पीटची दलदल नाही, पण एवढ्याशा पाण्यात सारे जग असलेला मासा आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आहे. तिथल्या पाण्यात सापडलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशाचे वर्णन तेजस ठाकरे, शंकर बालसुब्रमणियन आणि प्रवीणराज जयसिंहन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथला २.११ हेक्टर परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. माशासाठी त्याचे पाणीच राखायचे, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आंबोलीला गेलात तर कुंडात हात घालून मासा शोधू नका, पाण्यात निर्माल्य टाकू नका आणि घरच्या टाकीतला मासा तिथे सोडू नका. बाहेरून आलेल्या चिलापीने उजनीसारख्या मोठ्या जलाशयातही पाय पसरले. एवढ्याशा कुंडात तर एक आगंतुक जातही भारी पडेल.