निकदेम नांवाची टाउनशिप

निकदेम हें नांव आमच्या वाचकांस योहानाच्या शुभवर्तमानांतून परिचित आहे. त्याच नांवाची एक टाउनशिप अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत, ग्रॅहम जिल्ह्यांत आहे. हें नांव त्या परूश्यावरून पडलें कीं एका दंतकथेंतील गुलामावरून, ह्याविषयीं दोन मतें आहेत.

टाउनशिप म्हणजे काय, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. १७८५ च्या कायद्यानें तेथील सरकारनें नव्या मुलखाची मोजणी बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें चौकोन पाडून आरंभिली. मोजणीचा एक चौकोन सहा मैल लांब व सहा मैल रुंद. त्याचे ३६ विभाग, आणि प्रत्येक विभाग ६४० एकरांचा. कॅन्ससमध्यें १६ वा व ३६ वा विभाग शाळांच्या खर्चाकरितां राखून ठेवीत. १८६२ च्या कायद्यान्वयें जो कोणी पांच वर्षें जमिनीवर राहून ती कसील, त्यास विभागाचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, मिळत असे. ही भूमि पूर्वीं तेथील मूळच्या जातींची होती. मोजणीच्या नकाशावर तें दिसत नाहीं.

१८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. तरी केंटकी संस्थानांतील मुक्त झालेल्या काळ्या लोकांपैकीं फारच थोड्यांस स्वतःची जमीन लाभली. १८७७ सालीं डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यापारी व डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे पाळक ह्यांनीं इतरांच्या साहाय्यानें ही वसाहत स्थापिली. पत्रकांत मुलखाची फार वाखाणणी होती. पण जे आले त्यांस झाडावांचून उघडें माळरान दिसलें. पाऊस थोडा, आणि रेल्वेचें स्थानक एलिस येथें, सुमारें ३५ मैलांवर. कित्येक कुटुंबें आल्या पावलीं परत फिरलीं. लांकूड नसल्यामुळें राहिलेल्यांनीं जमिनींतच घरें खोदलीं. १८७८ च्या वसंतांत विलियाना हिकमन ही बाई पतीसह आली. "हेंच निकदेम," असें पुरुषांनीं दाखविलें, तेव्हां तिला घर एकहि दिसेना. केवळ जमिनींतून धूर निघतांना दिसला, आणि ती रडूं लागली. तिला आम्ही दोष देत नाहीं. पहिल्या हिवाळ्यांत शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं अन्न देऊन ह्या वसाहतवाल्यांस वांचविलें, असें तेथील लोक सांगत आले आहेत.

पुढील दहा वर्षांत तेथें दुकानें, शाळा, उपाहारगृह, दोन वर्तमानपत्रें व मंडळ्या उभ्या राहिल्या. बाप्तिस्त मंडळीची पहिली उपासना जमिनींत खोदलेल्या घरांतच भरे. येथूनच पुढें आलेले एडवर्ड मॅकेब १८८२ सालीं संस्थानाचे हिशेबतपासनीस निवडून आले.

गांवाची खरी कसोटी रेल्वेनें पाहिली. १८८७ सालीं गांवकऱ्यांनीं रेल्वे आणण्याकरितां १६,००० डॉलरांचे रोखे देण्याचें ठरविलें. परंतु १८८८ सालीं युनियन पॅसिफिक कंपनीचा मार्ग सॉलोमन नदीच्या दक्षिण तीरानें गेला, आणि गांव तर उत्तरेस! व्यापाऱ्यांनीं दुकानें उचलून पलीकडे बोग येथें नेलीं. मोजणीच्या चौकोनानें दिलेलें रेल्वेच्या रेषेनें नेलें. नदीचें पात्र मोठें नाहीं, पण तेवढें अंतर पुरें झालें.

तरीहि शेतकरी राहिले. बाप्तिस्तांनीं १९०७ सालीं नवें मंदिर बांधिलें. आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीहि टिकली. १९३० नंतरच्या अवर्षणानें व धुळीच्या वादळांनीं पुष्कळ घरें ओस पडलीं. १९३९ सालीं सरकारी मदतीनें चुनखडीच्या दगडांचें टाउनशिपचें सभागृह झालें. टपाल-कचेरी १९५३ सालीं बंद झाली. १९९६ सालीं राष्ट्रीय सरकारनें हें स्थळ राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलें.

आज तेथें थोडींच माणसें राहतात. परंतु दर वर्षीं जुलैच्या अखेरीस मुक्तीचा सण असतो, तेव्हां दूरदूरच्या शहरांत गेलेलीं मुलेंनातवंडें गांवीं येतात. गव्हाची कापणी तोंवर उरकलेली असते.