गिनीपिगच्या पिलांचा आहार

आमच्या कांहीं वाचकांच्या घरीं मुलांच्या हौसेखातर गिनीपिग आले आहेत. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला. पेरू देशांतील शेतकरी त्यास ‘कुय’ म्हणतात व हजारों वर्षांपासून मांसाकरितां तो घरांत पाळीत आले आहेत. तेथें त्याचा नित्याचा चारा म्हणजे लसूणघास आणि मक्याचा हिरवा पाला. एवढी एक गोष्ट आम्हांस वेळीं ठाऊक असती तर आमचें एक पिलूं वाचलें असतें.

आम्ही दीड महिन्याचीं दोन पिलें आणिलीं व सशांच्या शेजारच्या पेटींत ठेविलीं. जें सशांस तेंच त्यांस: वाळलेलें गवत, सशांचें तयार खाद्य व चिमूटभर बाजरी. ससे उत्तम राहिले. तिसऱ्या आठवड्यांत मात्र एक पिलूं अंग फुलवून कोपऱ्यांत बसूं लागलें. उचलतांच तें ओरडे व मागचे पाय ओढीत चाले. थंडी बाधली असेल, असें समजून आम्ही खालीं गोणपाट घातलें. चवथ्या दिवशीं तें मेलें. दुसरें पिलूं पशुवैद्यांकडे नेलें, तेव्हां त्यांनीं सुजलेले सांधे व रक्ताळलेल्या हिरड्या दाखवून स्कर्व्ही हें रोगाचें नांव सांगितलें.

कारण असें आहे कीं, ससा, गाय, शेळी, कोंबडी हीं सर्व ‘क’ जीवनसत्त्व आपल्या शरीरांतच तयार करितात. गिनीपिगला, माणसाप्रमाणेंच, तें करितां येत नाहीं. १९०७ सालीं नॉर्वेंतील आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रॉलिश यांनीं गिनीपिगांस केवळ धान्य व पाव यांवर ठेविलें, तेव्हां त्यांस हाच रोग जडला. ताजा भाजीपाला मिळालेल्यांस तो झाला नाहीं. सशाचें खाद्य गिनीपिगास कां चालत नाहीं, याचें उत्तर यांत आहे.

वाढत्या पिलास दर किलो वजनामागें रोज सुमारें ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळावें. म्हणजे ३०० ग्रॅम वजनाच्या पिलास ९ मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम पेरूंत तें सुमारें २०० मिलिग्रॅम असतें, तेव्हां पेरूची पांच ग्रॅमची लहानशी फोड पुरे. (ज्या देशाचा हा प्राणी, त्याच देशाचें नांव आपण या फळास देऊन बसलों आहों!) पेरू नसेल तेव्हां ढोबळ्या मिरचीचा दहा-पंधरा ग्रॅमचा तुकडा द्यावा. फळ गोड म्हणून जास्त घालूं नये, पोट बिघडतें. शिजविलेली भाजी निरुपयोगी, कारण उष्णतेनें हें सत्त्व बरेंचसें जातें. पाण्यांत औषध टाकण्याची युक्तीही आम्हांस पसंत नाहीं; तें पाण्यांत टिकत नाहीं व चव बदलल्यामुळें पिलूं पाणीच कमी पितें. गिनीपिगचें म्हणून मिळणारें खाद्य घेतल्यास तें ताजें पाहून थोडें घ्यावें.

पिलें अंगावर केंस, उघडे डोळे व दांत घेऊनच जन्मतात आणि दोन-तीन दिवसांत पाला कुरतडूं लागतात. तरी तीन आठवडे आईजवळच असावींत. पुढें पेटींत वाळलेलें गवत अष्टौप्रहर पाहिजे. दांत जन्मभर वाढत असतात. तें चावून चावून ते झिजतात व आंतडीही चालू राहते. सहा महिन्यांपर्यंत लसूणघास हाडांस पोषक आहे. त्यानंतर तो अगदीं कमी करावा, नाहींतर त्यांतील अतिरिक्त कॅल्शियममुळें मुतखडा होतो. ढिगांत तापलेला घास कधींच घालूं नये. कोथिंबीर, गाजराचा पाला, मक्याचीं पानें एक एक करून लहानपणींच चाखवावीं, कारण मोठेपणीं हा प्राणी अनोळखी चाऱ्यास तोंड लावीत नाहीं. कांदा, लसूण, बटाटा, भात व बिस्किटें वर्ज्य. गुरांसाठीं घरीं ठेविलेलें पेनिसिलिन यास देऊं नये. त्यानें पोटांतील उपयुक्त जंतू मरून प्राणी दगावतो.

दुसऱ्या पिलास पशुवैद्यांनीं औषध दिलें व आम्ही रोज पेरूची फोड चालू केली. आठवड्याभरांत तें पाय टेकून चालूं लागलें. आतां दर रविवारीं स्वयंपाकघरांतील काट्यावर त्याचें वजन करून वहींत टिपतों. वाढत्या पिलाचें वजन घटलें, तर त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावे.