पन्नासावा कप

वॉरन मॅकेन्झी आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिक्स १९४८ साली अमेरिकेतून इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला गेले. बर्नार्ड लीच या नामवंत कुंभाराकडे उमेदवारी करायची होती. लीच यांनी त्यांचं काम पाहिलं आणि आधी नकारच दिला, कारण हात तयार नव्हता. मग लीच यांचं मन वळलं आणि वर्षभराने दोघं परत येऊन सुमारे अडीच वर्षं तिथे राहिली. तिथे करायचं काय, तर ठरलेल्या मापाचे मग, वाडगे, झाकणाची भांडी. दिवसचे दिवस तेच. मॅकेन्झी २०१८ साली, ९४व्या वर्षी गेले. रोजच्या वापराची साधी भांडी हेच त्यांचं आयुष्यभराचं काम राहिलं.

बारावीनंतर ‘मला पॉटरी करायचीय’ म्हणणाऱ्या मुलीला घेऊन आई-वडील येतात, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगते. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘यात पोट भरेल का?’ प्रश्न रास्त आहे, त्याला हसू नये. पण माझ्या मते त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. मुलीला पहिला कप करताना आनंद झाला, हे ठीक. पन्नासावा करताना होतो का?

पन्नासाव्याचं विचारते, कारण वापराचं भांडं फार कडक परीक्षा घेतं. घरातली लोणच्याची बरणी आठवा. मीठ, आंबट, तेल वर्षभर पोटात ठेवूनही ती पाझरत नाही, कारण ती माती १२०० अंशांच्या आसपास भाजलेली असते आणि तिचे कण एकमेकांत घट्ट मिसळलेले असतात. पाण्याचा माठ कमी आचेवर भाजलेला असतो. तो पाझरतो, म्हणून तर पाणी गार राहतं. एकाला झिरपायचं असतं, दुसरीला अजिबात नाही. स्टुडिओ पॉटरला हे सगळं स्वतः जुळवावं लागतं. माती मळणं, चाकावर ती मध्यावर आणणं, भिंत वर खेचणं, वाळवणं, कच्चं भाजणं, ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप लावणं, पुन्हा भट्टी. ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंत स्टोनवेअर, म्हणजे त्या बरणीसारखं जास्त आचेवर भाजलेलं भांडं, साधारण १० ते १२ टक्के आकसतं. म्हणून झाकण आणि बरणी एकाच मातीची, एकाच बैठकीत करतात, नाहीतर झाकण बसत नाही. किटलीची चोच ठिबकत असेल, तर ती कितीही देखणी असो, दोन दिवसांत माळ्यावर जाते. हात हे सगळं शिकतो, पण त्याला वर्षं लागतात.

पैशाचं खरं सांगते. सुरुवातीची बरीच वर्षं केवळ भांडी विकून घर चालेल, हे गृहीत धरू नका. स्वतः मॅकेन्झी मिनेसोटा विद्यापीठात अनेक वर्षं शिकवत होते. तो पगार होता म्हणून भांड्यांच्या किमती कमी ठेवणं त्यांना परवडलं. आपल्याकडेही अनेक पॉटर वर्ग घेतात, हॉटेलांच्या ऑर्डरी करतात, शाळेत शिकवतात. यात कमीपणा नाही. उलट कर्ज काढून पहिल्याच वर्षी चाक आणि विजेची भट्टी घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या स्टुडिओत राबणं कितीतरी शहाणपणाचं. मोठ्या भट्टीला थ्री-फेज जोडणी लागू शकते, हेही आधीच विचारून घ्या.

शिक्षणाच्या वाटा आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात सिरॅमिक्स शिकवतात. महाराष्ट्रातल्या बीएफए प्रवेशासाठी दृश्यकलेची सीईटी असते. अहमदाबादच्या एनआयडीत सिरॅमिक आणि काच डिझाइन आहे, शांतिनिकेतनच्या कलाभवनातही हा विषय आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ आणि बेळगावजवळ खानापूरची ग्रामोद्योग क्षेत्रातली कुंभारकाम संस्था ही आपल्या जवळची नावं. पण पदवीइतकंच उमेदवारीला महत्त्व आहे. १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आजचे कितीतरी भारतीय पॉटर तिथे शिकून गेले. मुंबईजवळ भाईंदरला काम करणारे ब्रह्मदेव राम पंडित बिहारच्या कुंभार घराण्यातले; त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. आणि सिरॅमिक इंजिनिअरिंग ही वेगळी शाखा, टाइल्स, उष्णतारोधक विटा, विजेचे इन्सुलेटर यांची. नावातल्या साम्यामुळे फॉर्म चुकीचा भरला जाऊ नये.

काळजी एका गोष्टीची मात्र जरूर करा. कोरडी माती आणि ग्लेझची पूड यांत सिलिका असते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली, तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. चांगल्या स्टुडिओत कोरडा झाडू मारत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात, पूड मिसळताना चांगला मास्क घालतात. प्रवेशाआधी हे स्वतः जाऊन पाहा. खाण्याच्या भांड्याला लावायचं ग्लेझ शिशाविना आहे ना, हेही विचारा.

मग सुट्टीत मुलीला एखाद्या स्टुडिओत पाठवा आणि एकच काम सांगा: एकाच मापाचे सहा कप करून आण. पहिले पाच-सहा प्रयत्न वाकडे होतील, काही भट्टीत तडकतील. तीन महिने लागले तरी लागू देत. ते सहा कप घरात रोज चहाला वापरा. महिन्याभरात लक्षात येईल की सगळ्यांचा हात आधी एकाच कपाकडे जातो. तो हातात कसा बसतो, कान किती रुंद आहे, ओठाला कड कशी लागते, हे तिलाच विचारा. ती किती वेळ बोलते, ते ऐका.