छातीतले पाणी : सुई कधी, नळी कधी?

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की हा प्रश्न येतोच. "सिस्टर, आमच्या ह्यांच्या छातीत पाणी झालं म्हणतात. डॉक्टर सुई टाकतो म्हणतात. टाकू द्यावी का?" लगेच कुणीतरी म्हणते, एकदा काढलं की पुन्हा पुन्हा भरतं. एवढ्या बोलण्यावरून अमरावतीला निघालेला पेशंट परत घरी आणलेला आम्ही पाहिला आहे.

न्यूमोनियात फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणात पाणी साचू शकते. सोनोग्राफीत त्याची जाडी एक सेंटिमीटरहून कमी असेल तर ते बहुधा औषधानेच जिरते. तिथे सुईचा आग्रह आपणही धरू नये. जास्त असेल तर मोठ्या माणसाचे थोडे पाणी सुईने काढून तपासतात. पू निघाला, जंतू सापडले, पाण्यातली साखर फार कमी किंवा पीएच ७.२ च्या खाली आला, तर नळी टाकावी लागते. पाण्यात पडदे पडून कप्पे झाले किंवा अर्धी छाती भरली, तरीही नळीच. इथे दिवस घालवले की पू घट्ट होतो, फुफ्फुसावर जाड साल चढते आणि गोष्ट ऑपरेशनवर जाते. लहान मुलांना नुसत्या तपासणीसाठी सहसा सुई टोचत नाहीत. पाणी वाढले, श्वास अडला तर थेट नळी टाकतात.

पाणी सुईमुळे भरत नाही, आत आजार शिल्लक असतो म्हणून भरते. आपल्याकडे टीबीनेही छातीत पाणी होते, तेव्हा काढलेले पाणी टीबीसाठी तपासायला सांगा.

नळीची बाटली पाहून नातेवाईक घाबरतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत पाणी पातळ असतानाच छाती उघडून ठेवत. हवा आत शिरून बरेच जवान दगावले. नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवतात ते हवा आत जाऊ नये म्हणूनच. बाटली कायम छातीच्या खाली ठेवा, खाटेवर उचलून ठेवू नका.

औषध सुरू होऊन तीन दिवस झाले तरी ताप उतरत नाही, श्वास घेताना एका कुशीत कळ येते, दम वाढतो, तर धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन "छातीत पाणी तर नाही ना?" असे स्वतःहून विचारा. लेकराची बरगडीखालची जागा आत ओढली जात असेल तर तीन दिवस मोजू नका, १०८ ला फोन करा. पुढे पाठवले तर दिवसाउजेडी निघालेले बरे. सेमाडोह, परतवाडा करत अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते. पण दम लागला असेल तर रात्रीही निघा. एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या.