ऑफिसातला ताण घरी कसा उतरवावा

ही कृती मूळची स्वित्झर्लंडची. झुरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान नव्वदच्या दशकापासून एकाच प्रश्नाच्या मागे आहेत: दोघांचं आपसात बरं चाललेलं असताना बाहेरचा ताण मध्ये येऊन बसतो तो कसा, आणि त्याला दोघांनी मिळून तोंड कसं द्यायचं. जोडप्यांसाठी त्यांनी बांधलेल्या प्रशिक्षणाच्या गाभ्याशी तीन टप्प्यांचं एक संभाषण आहे. एकाने साधारण अर्धा तास मन मोकळं करायचं, दुसऱ्याने दहा मिनिटं आधार द्यायचा, मग पहिल्याने दहा मिनिटं त्या आधाराबद्दल सांगायचं. वाचायला सोपं, करायला अवघड, कारण ऐकणाऱ्याला सल्ला दिल्याशिवाय चैन पडत नाही.

एवढा खटाटोप कशाला? लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी या अमेरिकन संशोधकांनी नवविवाहित जोडप्यांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये एक निष्कर्ष मांडला. बाहेरचा ताण वाढतो त्या काळात माणूस जोडीदाराच्या वागण्याचा दोष जोडीदारावरच जास्त टाकतो. एरवी ‘दमला असेल’ म्हणून जी गोष्ट सोडून दिली असती, तिचा त्या दिवसांत थेट स्वभावदोष होतो. म्हणून आमटी खारट झाल्याचं भांडण बऱ्याचदा आमटीचं नसतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी तर २००५ मध्ये ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड उठवून ते किती दिवसांत भरतात हे मोजलं. वादाच्या विषयावर बोलल्यानंतर जखमा भरायला, आधाराचं बोलणं झालं होतं त्या वेळेपेक्षा, जास्त वेळ लागला.

तर आधी विषय निवडा. तो बाहेरचा हवा: नोकरी, प्रवास, बँकेचा हप्ता, दवाखान्याची रांग, मुलाच्या शाळेतली मीटिंग. एकमेकांबद्दलच्या तक्रारी या बैठकीत आणायच्या नाहीत, त्यांना दुसरा दिवस. सासू हा विषय बाहेरचा की घरचा, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. सुरुवातीच्या काही बैठकींत तो बाजूलाच ठेवा. आईबद्दलचं एक वाक्य कानावर पडलं की मुलगा नवरा म्हणून ऐकायचं थांबतो, आणि माहेरच्या बाबतीत बायकोचंही तेच होतं.

मग वेळ. दारातून आत पाऊल पडताक्षणी हे सुरू करू नका. रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दिवशी कामाचा भार जास्त, त्या संध्याकाळी ही माणसं घरी अबोल होत, कोषात जात. हे रुसणं नसतं. चपला काढून, हातपाय धुऊन, चहा होईपर्यंत माणसाला त्याच्या तंद्रीत राहू द्या. जेवणं आटोपल्यावरची वेळ बहुतेक घरांना जमते. वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असतील तर गच्ची आहे, सोसायटीचं आवार आहे, कोपऱ्यापर्यंतची फेरी आहे. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे काहींना उलट जास्त बोलता येतं. फोन मात्र घरी. खिशात थरथरणारा फोन हा तिसरा माणूस असतो.

आता पहिला टप्पा, आणि खरी मेहनत यातच आहे.

समजा, बायको एका पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी कॅश जुळेना, पाचशे रुपये कमी. काउंटरसमोर दोन ग्राहक उभे असताना मॅनेजर म्हणाला, “मॅडम, पर्समध्ये बघा, गेले असतील चुकून.” घरी येऊन ती एवढंच म्हणते, “आज कॅश कमी पडली.” नवऱ्याच्या तोंडात तीन वाक्यं तयार असतात. ‘पाचशेच ना, भरून टाकायचे.’ ‘तू दोनदा मोजत जा.’ ‘त्या मॅनेजरला एकदा सुनावलंच पाहिजे.’ तिन्ही गिळायची. पहिल्याने तिचा त्रास किरकोळ ठरतो, दुसऱ्याने तीच दोषी ठरते आणि तिसऱ्याने सगळी संध्याकाळ नवऱ्याच्या रागाला मिळते.

त्याऐवजी विचारायचं: “मग काय झालं? तो नेमकं काय म्हणाला? समोर कोण होतं? तेव्हा तुला काय वाटलं?” बोडेनमान यांची रीत नरसाळ्यासारखी आहे. वर तोंड रुंद, तिथे घटना. जरा खाली राग. रागाच्या खाली बहुतेकदा लाज किंवा भीती. अगदी तळाशी ती गोष्ट, जिच्यामुळे हाच प्रसंग या माणसाला इतका लागला. कॅशियरबाईंच्या बाबतीत ती अशी निघते: “अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसतेय मी, आणि त्याच्या मनात पहिली शंका माझीच आली.”

इथे नवऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. “म्हणजे पैशापेक्षा, त्याने तुझ्यावर संशय घेतला हे लागलं.” ती म्हणेल, “संशय नाही रे, चारचौघांत घेतला, ते.” तिने असं दुरुस्त केलं की समजा, गाडी रुळावर आहे. ‘मला कळलं’ असं म्हणून हे काम होत नाही. काय कळलं ते बोलून दाखवावं लागतं.

बोलणाऱ्याचीही जबाबदारी आहे. एकच प्रसंग धरून राहायचं. ‘तिथे सगळे असेच आहेत’ असं सुरू झालं की धागा सुटला, मग परत पाचशे रुपयांपाशी यायचं. मध्ये शांतता पडली तर पडू द्या. पहिल्या खेपेला अर्धा तास रेटत नसेल तर पंधरा मिनिटं करा, माझी त्याला हरकत नाही. मात्र तळाशी पोहोचण्याआधी दुसऱ्या टप्प्यावर उडी मारू नका.

दुसरा टप्पा आधाराचा. आधी मनाचा आधार, मग कामाचा. ‘मलाही तिथे रडू आलं असतं’ हे आधी. प्रसंगाकडे बघण्याची दुसरी बाजू त्यानंतर, उदाहरणार्थ, ‘त्या दोन ग्राहकांनी तुला इतकी वर्षं पाहिलंय, ते त्याचं बोलणं खरं धरणार नाहीत.’ उपाय सर्वांत शेवटी, आणि तोही विचारून: “काही सुचवू, की नुसतं ऐकू?” हात धरणं हाही आधारच. जेम्स कोन यांच्या २००६ च्या प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून विजेचा हलका झटका बसण्याची शक्यता दाखवली होती. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मंदावला. अनोळखी माणसाच्या हाताने तेवढा फरक पडला नाही, आणि संसार जितका समाधानाचा, तितका नवऱ्याच्या हाताचा गुण जास्त.

आधार वाया कसा जातो, हेही बोडेनमान यांनी नोंदवलं आहे. एक, टोमण्यासकट दिलेला: ‘करतो मदत, तुला कुठे काय जमतं.’ दोन, नाखुशीने दिलेला. भांडी घासायची, पण आदळत. तीन, वरवरचा: ‘हं, हं, मग?’ आणि नजर मॅचवर. यातला तिसरा मला सर्वांत वाईट वाटतो, कारण त्याबद्दल तक्रारही करता येत नाही.

जोडीदाराच्या डोक्यावरचं एखादं काम स्वतःकडे घेणं हाही याच टप्प्याचा भाग आहे. फक्त त्याचा गाजावाजा नको. नाइल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी तपासल्या होत्या. तो अभ्यास २००० चा. जोडीदाराने मदत केली, पण परीक्षार्थीच्या ती लक्षातही आली नाही, अशी मदत सर्वांत गुणकारी ठरली. आपल्याला कोणीतरी सांभाळून घेतंय, हे जाणवलं की माणसाला आपण कमी पडतोय असंही वाटू लागतं. सकाळचे डबे भरून ठेवा आणि गप्प राहा.

तिसरा टप्पा छोटा, पण बहुतेक जोडपी नेमका तोच गाळतात. कशाने बरं वाटलं आणि काय नको होतं, हे बायकोने सांगायचं. “तू मध्ये बोलला नाहीस ते बरं वाटलं. मॅनेजरला फोन करतो म्हणालास तेव्हा मात्र पोटात गोळा आला.” ऐकणाऱ्याने बचाव करायचा नाही. पुढच्या वेळी काय करायचं याची ही यादी असते आणि ती फुकट मिळतेय. नंतर भूमिका बदलायच्या, हवं तर दुसऱ्या दिवशी. बैठकीचा वार कालनिर्णयवर लिहून ठेवा, नाहीतर आठवडा निघून जातो.

मध्येच बिनसलं, आवाज चढले, तर? थांबा. जॉन गॉटमन यांनी सिएटलच्या प्रयोगशाळेत भांडणाऱ्या जोडप्यांना यंत्र नीट करण्याच्या बहाण्याने मध्येच थांबवलं आणि अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत बोलणं सुरू केलं तेव्हा हृदयाचे ठोके खाली आले होते आणि बोलण्याची तऱ्हाही सुधारली होती. उठताना मात्र ‘नऊ वाजता परत बसू’ असं सांगून उठा. न सांगता निघून गेलात तर ती विश्रांती ठरत नाही, तो अबोला ठरतो.

या कृतीने कर्ज फिटत नाही, हे सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ऐंशीच्या दशकात शेती गाळात गेली, तेव्हा रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी तिथल्या ग्रामीण कुटुंबांचा अभ्यास केला. पैशाची ओढाताण आईवडिलांच्या मनःस्थितीतून त्यांच्या भांडणांत आणि तिथून मुलांवरच्या ओरडण्यात उतरत होती. ज्या जोडप्यांत एकमेकांचा आधार होता, त्यांच्यात ही साखळी कमजोर पडत होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांना यातला पहिला भाग समजावून सांगावा लागणार नाही. हप्ता मात्र दोन्ही प्रकारच्या घरांना भरावाच लागतो.

आणि ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, तिथे ही कृती करू नका. मोकळं केलेलं मन तिथे उद्याचं हत्यार होतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. जगणंच नकोसं होण्यापर्यंत ताण गेला असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

एक अडचण हमखास येते. बोलायची पाळी नवऱ्याची असते आणि तो म्हणतो, “मला कसला ताण? काही नाही.” त्याच्याशी वाद घालू नका. ताण हा शब्दच काढू नका. “आज सगळ्यात डोकं कुठे फिरलं?” एवढं विचारा. तो म्हणेल, “पार्किंगला.” मग पार्किंगपासून सुरू करा: कुठे लावली होती, कोण आलं, काय म्हणालं.